राहणे आणि राहून जाणे

१९५६ च्या ऑक्टोबरात चार्ल्स टीबू या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटा निबंध ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक सोयींवर किती खर्च करायचा हे नगरपालिकेला कळावे कसे, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर त्याने बाजाराच्या धर्तीवर शोधले. ज्या गावाचे कर आणि ज्या गावाच्या सोयी आपल्याला मानवतात तिथे माणूस बिऱ्हाड हलवतो. म्हणजे गिऱ्हाइकासाठी दुकानांत चालते तशी चढाओढ रहिवाशांसाठी गावागावांत चालू शकते. पुढे या कल्पनेला ‘पायांनी मत देणे’ असे नाव पडले. शहरांच्या क्रमवाऱ्या, गुंतवणूकदारांच्या परिषदा, ‘राहण्यास सर्वोत्तम’ असल्या याद्या यांचे कूळ कुठे ना कुठे या कल्पनेशी जाऊन मिळते. टीबूने आपली गृहीतके मात्र प्रामाणिकपणे मांडली आहेत. माणसे कुठेही जाण्यास पूर्ण मोकळी आहेत, हे एक. आणि नोकरीचे बंधन कुणालाच नाही, सगळे लाभांशावर जगतात असे समजा, हे दुसरे.

पुढच्याच महिन्यात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपल्याकडे राज्यपुनर्रचना अमलात आली. नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश मोडला. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. त्याचे हायकोर्ट जबलपुरात आले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला हे इथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्यामागे फायली आल्या आणि फायलींमागे कारकून. कर्मचाऱ्यांची दोन राज्यांत वाटणी झाली होती. माझे आजोबा त्या वाटणीत आले. “आम्ही आलो नाही, वाट्याला आलो,” असे ते म्हणत. लाभांश हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला असेल की नाही, कोण जाणे.

शहर कशाने आकर्षक होते, हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. माझी अडचण अशी की तो बहुधा ज्यांना निवड आहे त्यांच्याच बाजूने विचारला जातो. जबलपूरसारख्या शहरात निवड करून आलेला माणूस शोधावा लागतो. बंगाली रेल्वेबरोबर आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांबरोबर आले, सिंधी आणि पंजाबी फाळणीने आणले, मराठी फायलींमागून आले. इंदूर-ग्वाल्हेरचे मराठी सत्तेबरोबर गेले होते, म्हणून त्यांच्या बोलण्यात अजून वाड्यांचा तोरा आहे. आमच्याकडे तो नाही, असलाच तर वरिष्ठता यादीचा.

आमच्या घरची मराठी नागपूरकडची, वरून जबलपूरच्या हिंदीचा हात फिरलेला. तिच्यात ‘राहणे’ हे क्रियापद फार राबते. ‘काय करून राहिला?’, ‘ती येऊन राहिली.’ पुण्याच्या माणसाला हसू येते, पण अनुवाद करणाऱ्या बाईला हे क्रियापद सोपे वाटत नाही. राहणे म्हणजे वस्ती करणे, राहणे म्हणजे टिकून असणे, आणि ‘राहून जाणे’ म्हणजे व्हायचे ते न होणे. हिंदीतही ‘रहना’ आणि ‘रह जाना’ यांत तेच अंतर आहे. शहराच्या अहवालात मी ‘रहिवासी’ असा शब्द लिहिते, तेव्हा तो माणूस तिथे राहतो की राहून गेला आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. शहराची खरी परीक्षा मला तिथे दिसते. न निवडता आलेल्या माणसाला पुढे कधीतरी ते शहर आपण होऊन निवडता आले का?

आजोबांना आले. निवृत्तीनंतर नागपूरला महालातल्या वडिलोपार्जित घरात दोन खोल्या त्यांच्यासाठी मोकळ्या होत्या. ते गेले नाहीत. कारणे विचारली की सांगत: कोर्टातले बंगाली मित्र, गोलबाजारातले दत्तमंदिर, ग्वारीघाटावरची पहाटेची अंघोळ, खव्याची जिलबी. क्रम दर वेळी बदलत असे. आजीला मात्र १९५६ मध्ये कुणी विचारले नव्हते आणि निवृत्तीच्या वेळीही नाही. ती शेवटपर्यंत जबलपूरला ‘तुमचं गाव’ म्हणत होती. एकाच छताखाली एक जण राहत होता आणि एक जण राहून गेली होती. जनगणनेत दोघांचीही नोंद सारखीच झाली.

शहरालाही ‘राहून जाणे’ लागू पडते. १९५१ मध्ये भोपाळची वस्ती लाखाच्या आसपास होती, जबलपूरची अडीच लाखांवर. राजधानी आपल्याकडे येणार असे जबलपूरकरांनी धरूनच ठेवले होते. ती भोपाळला गेली. जबलपूरच्या वाट्याला हायकोर्ट आणि वीज मंडळाचे मुख्यालय आले, आणि ‘संस्कारधानी’ ही पदवी, जी विनोबांनी दिली असे सांगतात. मराठी माणसाने हिंदी शहराला दिलेला हा संस्कृत शब्द आम्ही सत्तर वर्षे पाट्यांवर मिरवतो आहोत. त्यात थोडा सांत्वनाचा सूर आहे, हे नाकारू नये. पण ‘धानी’ म्हणजे ठेवून घेणारी, धारण करणारी जागा. ओढून घेणारी नव्हे. विनोबांच्या मनात हे होते की नाही, यावर मी पैज लावणार नाही. शब्दात मात्र ते आहे.

२० जुलै २०२४ रोजी जबलपुरात विभागीय औद्योगिक परिषद भरली. त्या सुमारास महाराष्ट्रातल्या उद्योजकांसाठी लिहिलेला एक प्रचाराचा मजकूर मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यात पाणी मुबलक होते, वीज मुबलक होती, जमीन मुबलक होती, आणि त्याच ओळीत श्रमशक्तीही मुबलक होती. व्याकरणात खोट काढता येत नव्हती. पण पाणी मुबलक असणे ही चांगली बातमी सगळ्यांसाठी असते, माणसे मुबलक असणे ही बातमी त्या माणसांसाठी चांगली नसते. त्यांना दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ती स्वस्त आहेत, एवढाच तिचा अर्थ. उद्योगाला जे शहर आकर्षक, ते रहिवाशालाही आकर्षक, असे आपण एका श्वासात बोलून टाकतो. कधी कधी एकाची ओढ दुसऱ्याच्या अडकण्यावर उभी असते.

त्या मुबलक पाण्याचेच पाहा. शहराच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगीचे धरण आहे. ते १९९० मध्ये पूर्ण झाले आणि १६२ गावे त्याच्या तडाख्यात सापडली. त्यांतले पुष्कळ लोक जबलपुरात आले, सायकलरिक्षा ओढू लागले, झोपड्यांत राहू लागले. टीबूच्या हिशेबाने त्यांनी पायांनी जबलपूरला मत दिले. शहर वाढते आहे असे सांगणाऱ्या कोणत्याही आकड्यात ते मिळवलेले असतात, आणि शहराकडे पाणी आहे असे सांगणाऱ्या आकड्यात त्यांची शेते असतात.

बिडीची गोष्ट याहून जुनी. १८७० मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेले रूळ जबलपुरात जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेतले व्यापारी इथे बिडीच्या धंद्यात उतरले. आजच्या भाषेत सांगायचे तर सगळे घटक अनुकूल होते: भोवतीच्या जंगलात तेंदूपत्ता, माल न्यायला रेल्वे, आणि मांडीवर सूप घेऊन हजाराच्या हिशेबाने बिड्या वळणाऱ्या बायका. कारखान्याला छप्परसुद्धा लागत नव्हते, ते त्या बायकांच्या घराचेच होते.

या धंद्यातल्या हिंदू आणि मुस्लिम कारखानदारांची चढाओढ १९६१ च्या फेब्रुवारीतल्या दंगलीमागच्या कारणांत धरली जाते. फाळणीनंतरची ती पहिली मोठी दंगल मानतात. राष्ट्रीय एकात्मता परिषद त्याच वर्षी स्थापन झाली, त्यामागे जबलपूरचा धक्का होता. योगायोग असा की जेन जेकब्ज या लेखिकेचे अमेरिकन महानगरांच्या मरण्या-जगण्यावरचे प्रसिद्ध पुस्तकही १९६१ चेच. शहर जिवंत राहते ते सरमिसळीने, असे ती सांगते. एकाच गल्लीत घर, दुकान, कारखाना. कमी भाड्याच्या जुन्या इमारती. आणि रस्त्यावर सतत कुणाची तरी नजर. मला ते पुस्तक मनापासून पटते. पण जबलपूरच्या जुन्या वस्तीत हे सगळे होते. गल्ल्या आखूड होत्या, इमारती जुन्या होत्या, नजरा तर होत्याच, आणि त्याच नजरांना कोणते घर कुणाचे हे ठाऊक होते. सरमिसळ बाहेरून आलेल्याला रंगीत दिसते. आत राहणाऱ्याला ती मानवते केव्हा, तर धंद्यात शेजाऱ्याला मागे टाकले तरी आपले घर जळणार नाही याची खात्री असेल तेव्हा. ही खात्री कुठल्या क्रमवारीत मोजतात, मला दिसलेले नाही. मोजायचीच झाली तर दोन धर्मांच्या माणसांना कोणत्या मोहल्ल्यात घर भाड्याने मिळते, एवढे विचारले तरी पुरे.

आता प्रश्न उरतो तो असा: रेल्वे होती, पाणी आणि वीज होती, देशाच्या मधोमध जागा होती, तरी मोठे खासगी उद्योग इथे का रमले नाहीत? २०११ च्या जनगणनेत उपनगरांसह जबलपूर साडेबारा लाखांवर होते, भोपाळ एकोणीस लाखांजवळ आणि इंदूर एकवीस लाखांच्या वर. इंदूर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे, शेजारी पिथमपूर उभे राहिले, ही कारणे खरीच. पण माझ्या मते आमच्या शहराला एक सवयही नडली. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला खमरियाचा कारखाना, १९६९ ची व्हेईकल फॅक्टरी, त्यात रेल्वे, कोर्ट, वीज मंडळ. प्रत्येकाची वसाहत वेगळी, क्वार्टर वेगळे, बहुतेकांचे दवाखाने आणि शाळाही आपापल्या. भारतभरची माणसे भिंतीआड एकमेकांशेजारी राहिली आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाजारात दिसली. पगार दिल्ली-भोपाळहून येत असल्यामुळे अनोळखी माणसाशी सौदा करण्याची, त्याच्यावर पैसे लावण्याची, त्याच्याकडून फसण्याचीही गरज शहराला फारशी पडली नाही. शांतता मिळाली. कायम नोकरीवाल्याला जबलपूर फार प्रेमाने वागवते; नोकरी शोधणाऱ्याला ते “पुण्याला का जात नाहीस?” असे विचारते.

लिहिणाऱ्यांना मात्र या शहराने ठेवून घेतले आहे. मुक्तिबोध काही काळ इथे शिकवत होते. घरची मराठी, कविता हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपुरात मराठी कवी. ‘एक साहित्यिक की डायरी’मधले लेख परसाईंच्या ‘वसुधा’त, म्हणजे जबलपुरातूनच निघाले. अमृतलाल वेगड गुजराती घरातले, जन्म जबलपूरचा; शांतिनिकेतनात चित्रकला शिकून परतले आणि नर्मदेकाठाने पायी हिंडत हिंदीत आणि गुजरातीत लिहीत राहिले. गुजराती पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तरी बिऱ्हाड हलले नाही. इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश मात्र १९७० मध्ये मुंबईला आणि पुढे पुण्याला गेले, म्हणजे तो रस्ता संगणक येण्याआधीपासूनचा आहे.

पण वेगडांचे उदाहरण देऊन मी तरुणांना “इथेच राहा” म्हणू लागले तर ती लबाडी होईल. जाता येत असताना न जाणे, याला राहणे म्हणतात. गाडीचे भाडे आणि पलीकडे नोकरी असल्याशिवाय कुणाच्या राहण्याचे कौतुक करू नये. म्हणून औद्योगिक परिषदांना नाके मुरडणाऱ्या माझ्या साहित्यिक मित्रांशी माझे पटत नाही. मुबलक श्रमशक्तीतल्या माणसाला दोन मालकांत निवड मिळाली तर तो मुबलक राहत नाही, हे मला त्या परिषदेतून हवे आहे.

माझा भाचा पुण्यात आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या राहणीमान निर्देशांकात पुणे देशात पहिले आले होते. तो तिथे सहा वर्षांत चार घरांत राहिला, प्रत्येक वेळी अकरा महिन्यांच्या करारावर. बारावा महिना कायद्याला चालत नाही की घरमालकाला, हे त्याने कधी विचारले नाही. ओढून घेणारे शहर ठेवून घेईलच असे नाही. गेल्या महिन्यात त्याला इथल्या बरगी हिल्सच्या आयटी पार्कातल्या एका जागेबद्दल कळले. पगार जवळजवळ निम्मा. रात्री त्याचा फोन आला. आधी त्याने भाडे किती पडेल ते विचारले. मग त्याच्या आईला डॉक्टरकडे कोण नेते ते. मग म्हणाला, “मावशी, माझ्या वर्गातले तिथं अजून कोण कोण राहून राहिलेत गं?”

मी आठवून आठवून चार नावे सांगितली. चौथा रेल्वेत होता.