मऊ भाताचे ऋण

दिवाळीच्या फराळाचे डबे निम्मे झाले, की आमच्या घरात दरवर्षी एक चमत्कारिक गोष्ट घडते. चकली, कडबोळी, चिरोटे, अनारसे असा सारा सरंजाम समोर मांडलेला असताना कोणीतरी हळूच म्हणते, "आज नुसता मऊ भात करा ना!" ज्या पक्वान्नांसाठी आठ-आठ दिवस घर राबले, त्यांच्याकडे पाठ फिरवून सारी मंडळी पानावर बसतात ती गुरगुट्या भातासाठी. वर साजूक तुपाची धार, चमचाभर मेतकूट आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. बाहेर नाशिकची थंडी नुकती अंग धरू लागलेली असते. पहिला घास पोटात गेला, की आपण घरी आहोत असे वाटते.

इतक्या साध्या पदार्थाने माणसाला अस्वस्थ करावे, हे आश्चर्यच. पण मला त्याने केले खरे. त्याचे असे झाले.

दोन वर्षांपूर्वी ऐन वसुबारसेला अंगणात पाय घसरून हिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. भाऊबीजेच्या दिवशी नातीचे पोट बिघडले. सूनबाई तिच्या उशाशी, मुलगा औषधे आणायला गेलेला, हिचा हात गळ्यात बांधलेला. उरलो मी. चहापलीकडे ज्याने कधी शेगडीवर काही ठेवले नाही, असा अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ! घोटीहून आणलेला इंद्रायणी तांदूळ डब्यात होता. एक वाटी तांदूळ धुऊन घेतले, सहा वाट्या पाणी घातले, मीठ टाकले आणि मंद आचेवर ढवळत बसलो. पाऊण तासाने भात झाला. नात चार घास जेवली आणि झोपली.

त्यानंतर माझे जे कौतुक झाले, त्याने मी अगदी फुगून गेलो. मुलाने आल्यागेल्याला सांगितले, सूनबाईने माहेरी फोन केला, नातीने तर 'आजोबांच्या हातची चव' असे प्रशस्तिपत्रच देऊन टाकले. मीही मोठेपणाने म्हणालो, "यात एवढं काय आहे? किती सोपं आहे!"

ही शांतपणे म्हणाली, "सोपं आहेच. तांदूळ निवडून ठेवलेले होते, तूप कढवलेलं होतं, मेतकूट बरणीत होतं. मग राहिलं काय? पाणी तेवढं तापवायचं."

ती रागाने बोलली असती, तर मी वादही घातला असता. ती रागावली नव्हती. पण त्या दिवसापासून 'सोपे' हा शब्द मला पूर्वीसारखा सरळ वाटत नाही.

ते मेतकूटच घ्या. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू हे सगळे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. मग मोहरी, मेथी, जिरे, सुंठ, हिंग, हळद यांची जोड द्यायची, बारीक दळायचे आणि चाळून बरणीत भरायचे. हे सारे भर उन्हाळ्यात, घामाच्या धारांत झालेले असते. कार्तिकात मी चमचा बुडवला आणि माझे काम दोन क्षणांत झाले. म्हणजे माझा सोपेपणा हा तिने वैशाखात साठवून ठेवलेला कष्ट होता. मी ते साठवण काढून खर्चले आणि वर दानशूर म्हणून मिरवलो!

आता कोणी म्हणेल, मग सोपा स्वयंपाक करणे हेच पाप काय? तसे मुळीच नाही. उलट आपल्याकडे सोपेपणाविषयी एक उगीचच संशय आहे. जितके कष्ट अधिक तितकी माया अधिक, असा आपला हिशेब. पुरणपोळी करणारी प्रेमळ, आणि दमून आल्यावर एका पातेल्यात पास्ता शिजवून मुलांपुढे ठेवणारी कामचुकार! पण जगाचा अनुभव निराळा आहे. जपानात आजाऱ्याला 'ओकायू' नावाची तांदळाची पेज देतात, सोबत खारवलेले आंबट उमेबोशी. चीनमध्ये तशीच पेज सकाळच्या न्याहारीला घेतात. इटलीत लहान मुलाला बरे वाटेनासे झाले, की अगदी बारीक पास्ता सारात शिजवून देतात. गोव्यात आणि कोकणात तर पेज घरोघरची. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात मिरे-जिरे घालून आजाऱ्याला दिल्या जाणाऱ्या भाताच्या पाण्याचा, म्हणजे कांजीचा उल्लेख आहे. पुढे हाच शब्द पोर्तुगालात 'कांजा' होऊन कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या भाताला चिकटला. दमलेल्या आणि दुखण्याईत माणसाला काय द्यावे, याविषयी एकमेकांना न विचारता इतक्या देशांच्या आयांचे एकमत झाले, आणि ते सर्वांत सोप्या अन्नावर झाले. मायेला कष्टाचा पुरावा लागत नाही, याहून मोठी साक्ष कोणती हवी?

तीच गोष्ट परकेपणाची. सूनबाईचा पास्ता 'आपला' नव्हे, असे म्हणणारे एकादशीला साबुदाण्याची खिचडी भक्तिभावाने खातात. त्या खिचडीतला बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कसावा, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांची गलबते आल्यानंतर ते इकडे पोचले. चार-पाच शतकांत ते उपवासालासुद्धा चालू लागले! घरात कोणी मायेने वाढले, की परके अन्न दोन पिढ्यांत आपले होते.

तेव्हा अन्न सोपे असणे हा दोष नाही, ते दूरचे असणे हाही नाही. दोष आहे तो एकाच ठिकाणी. सुख नेहमी एकाच्या पानात पडते आणि त्यासाठीचा कष्ट नेहमी दुसऱ्याच्याच हाताला येतो. सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरचे बिनपगारी काम करताना आढळल्या आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के. काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाकाठी सरासरी वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. हे आकडे वाचताना मला आमचेच स्वयंपाकघर दिसले. फक्त माझी ९७ मिनिटे काही केल्या सापडेनात.

'आईच्या हातची चव' हे आपण फार गोड शब्दांत म्हणतो. आमच्या याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिले. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. त्या पुस्तकाने महाराष्ट्राला रडवले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. पण मला वाटते, आपल्या कृतज्ञतेला अशीच सवय जडली आहे. आई दुरावली किंवा आपण भिंतीआड गेलो, म्हणजे ती जागी होते. समोर बसून भाकरी थापणाऱ्या बाईला मात्र आपण "आज मीठ जरा जास्त झालंय" एवढेच सांगतो. स्तुती हे तर फार स्वस्त वेतन आहे. चाळीस वर्षे मी हिला तेही दिले नाही, आणि स्वतः मात्र एका पातेलेभर भातावर वसूल केले.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. "अहो, बायकांना त्यात आनंद असतो!" असेल, आनंद असेलही. पण ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याचा आनंद कसा ओळखायचा? नात आजारी पडली त्या दिवशी मी भात केला, याचे कौतुक झाले, कारण मी न करता तरी चालले असते. तिच्या करण्याचे कौतुक होत नाही, कारण तिने न करणे आम्ही कधी धरलेलेच नव्हते.

म्हणून गेल्या वैशाखात मी मेतकूट करायला बसलो. पहिली उडदाची डाळ करपवली, ती फेकावी लागली. दुसऱ्या खेपेला ही शेजारी स्टूल घेऊन बसली आणि हाताने काही न करता नुसता वास घेऊन "आता उतरवा" म्हणत गेली. वासावरून डाळ उतरवायची विद्या चाळीस वर्षांची आहे, ती मला एका उन्हाळ्यात येणार नाही. तरी बरणी भरली.

यंदाच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मऊ भात मी करणार, असे आधीच जाहीर करून टाकले आहे. परवा रंगीत तालीम म्हणून केला. तूप घातले, माझे मेतकूट भुरभुरले आणि ताट हिच्या हातात नेऊन दिले. ती झोपाळ्यावर बसली होती. एक घास घेतला, जरा थांबली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि सावकाश, ताट स्वच्छ करून जेवली.