सोवळे कोणासाठी?

चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीस, किंवा इंद्रायणीकाठी देहू-आळंदीस, हातपाय धुऊन आत पाऊल टाकणाऱ्या भाविकास शुचितेची महती निराळी सांगावी लागत नाही. पतंजलीनेही पाच नियमांत शौचालाच पहिले स्थान दिले आहे. प्रश्न एवढाच की, ही शुचिता पाळावयाची ती कोणासाठी?

हा प्रश्न खरा कसाला लागतो तो याच पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीतील इस्पितळांत, डायलिसिसच्या खाटेपाशी. मूत्रपिंडे निकामी झालेला चाकणचा एखादा कामगार तेथे आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास पडून असतो. धमनी व शीर जोडून हातावर केलेला फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास कित्येक आठवडे लागत असल्यामुळे, तोवर मानेतील मोठ्या शिरेतून हृदयाच्या वेशीपर्यंत गेलेल्या कॅथेटरवरच त्याची सारी भिस्त असते. कातडीवर एरवी निमूट नांदणारा स्टॅफिलोकोकस जंतू त्या नळीवाटे रक्तात उतरला, की यंत्र चालू असतानाच हुडहुडी भरते, ताप चढतो आणि प्रसंगी हृदयाच्या झडपाही नासतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन पेनिसिलीन तयार होऊ लागले खरे. परंतु आज बहुतेक स्टॅफिलोकोकस त्याला दाद देत नाहीत, आणि पहिली राखण माणसाच्या हातांनाच करावी लागते.

म्हणून परिचारिका हात धुते, आपल्या व रुग्णाच्या तोंडावर मास्क चढविते, त्यास मान पलीकडे वळवावयास सांगते, नळीचे तोंड जंतुनाशकाने घासते आणि पुढची पाळी खोळंबली असली तरी ते वाळेपर्यंत थांबते. आपले जुने सोवळे दुसऱ्याच्या स्पर्शापासून स्वतःला जपत असे, आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या माणुसकीची पायमल्ली झाली. येथे विटाळाची शंका आहे ती स्वतःच्याच हाताविषयी. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने हात धुण्याचा दंडक घातला तेव्हा अनेक डॉक्टरांना तो रुचला नाही, कारण अशुद्धी आपल्याच ठायी असू शकते हे कबूल करणे अहंकारास जड जाते.

इतके करूनही कधी संसर्ग होतो आणि आप्तेष्ट प्रारब्धाचे नाव घेतात. ते त्यांनी खुशाल घ्यावे. परंतु ज्यांच्या हाती ती नळी आहे त्यांना, प्रयत्नांत कसूर राहिली नाही याची खातरजमा केल्यावाचून, तो अधिकार नाही. जे सोवळे दुर्बळाला माझ्यापासून जपते तोच धर्म. बाकीचा केवळ रिवाज होय.