आश्रयगृहाची परीक्षा
वाशिमशेजारील अमरावती जिल्ह्यात, वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग व मतिमंद मुलांस आश्रय दिला. १८ वर्षांनंतर या मुलांनी जावे कोठे, हा त्यांचा प्रश्न सर्व समाजास आहे. २०१६ च्या कायद्याने अशा संस्थांस नोंदणी आवश्यक केली आहे. निरीक्षकाने खाटा मोजाव्यात, दप्तर तपासावे. कारण दयेच्या पडद्याआड छळही लपतो. परंतु ज्या प्रौढास आपले गाऱ्हाणे शब्दांत मांडता येत नाही, त्याचे सुख कोणत्या रकान्यात लिहावे? आमच्या मते कसोटी एकच : त्याचा नकार तेथे कोणी ओळखतो काय? ताट दूर सारले असताही जेथे घास कोंबला जातो, तेथील स्वच्छ भिंतींस गुण देणे व्यर्थ होय.