साल कोणाच्या पानात?

दोडका चिरायच्या आधी त्याच्या पाठीवरच्या शिरा सोलाण्याने काढाव्या लागतात. पुण्यातल्या जुन्या वळणाच्या घरांत त्या केराच्या टोपलीत जात नाहीत. बारीक चिरून, फडक्यावर पसरून त्यांची ओल टिपून घेतात. लोखंडी कढईत चमचा-दोन चमचे तेल, जिरं, मग शिरा, आणि आच मंद. सुरुवातीला वाफ येत राहते, शिरा मऊ पडून एकमेकींना चिकटतात. पाणी आटत आलं की हिरवा रंग गडद होतो, कडा आत वळतात आणि उलथन्याखाली खरखर ऐकू येऊ लागते. तेव्हा तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा कीस पडतो. तो खमंग झाला की तिखट, मीठ, चिमूटभर साखर. गॅस बंद केल्यावर चटणी कढईतच उघडी ठेवायची, कारण झाकण घातलं की वाफेने कुरकुरीतपणा जातो. दुधीच्या, लाल भोपळ्याच्या, कच्च्या केळ्याच्या आणि नीट धुतलेल्या बटाट्याच्या सालींचंही असंच करता येतं. वरणभाताबरोबर तोंडी लावायला म्हणून केलेली ही वाटी पुष्कळदा पानं मांडायच्या आधीच येता-जाता रिकामी होते.

ही चटणी काटकसरीची म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागे मात्र एक जुना आणि अवघड धर्मप्रश्न उभा आहे. निसर्गाकडून जे घेतलं, त्यातलं किती वापरायची जबाबदारी घेणाऱ्याची? आणि त्याने जे वापरलं नाही, ते कोणाच्या वाट्याला जातं?

या प्रश्नाचं एक टोक पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात सापडतं. मिठाच्या सत्याग्रहानंतर मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक करून तिथे ठेवलं. तुरुंगाला ते मंदिर म्हणत. तिथून साबरमतीच्या आश्रमवासीयांना ते दर आठवड्याला एका व्रतावर पत्र लिहीत. पुढे त्याच पत्रांचं ‘मंगळप्रभात’ हे छोटंसं पुस्तक झालं. ऑगस्टमध्ये अस्वादव्रतावर पत्र गेलं आणि पुढच्याच आठवड्यात अस्तेयावर. ही दोन पत्रं सालींच्या चटणीसमोर ठेवून वाचली की पेच लगेच लक्षात येतो.

अस्तेयाच्या पत्रात गांधी चोरीची व्याख्या फार ताणतात. दुसऱ्याच्या संमतीने घेतलेली वस्तूही गरज नसताना घेतली तर ती चोरीच. गरज नसलेलं फळ घेणं किंवा हवं त्याहून जास्त घेणं, हीसुद्धा चोरी. आणि या जातीची चोरी बहुतेक वेळा खाण्याच्या पदार्थांची होते, असं ते बजावतात. या हिशेबाने खाण्याजोगी साल टाकून देऊन तिच्याऐवजी आणखी पाव किलो भाजी आणणं दोषाचंच ठरतं. पण आदल्या आठवड्याचं पत्र म्हणतं की अन्न औषधासारखं घ्यावं, चवीकडे न पाहता, शरीराला लागेल तेवढंच. पदार्थाची चव वाढवण्यासाठी किंवा बदलण्यासाठी त्यात मीठ घालणं, इथेही त्यांच्या मते अस्वादव्रत मोडतं. मिठासाठीच तुरुंगात आलेल्या माणसाने हे लिहिलं, यावरून त्यांच्या आग्रहाची धार समजते.

म्हणजे चटणी एका व्रताने पवित्र आणि दुसऱ्याने सदोष. साल वाचवली खरी, पण तीळ, खोबरं, तिखट आणि साखर घालून जिभेचे लाड केले. मग सालींचं काय करायचं? उकडून, बेचव, औषधासारख्या गिळायच्या?

गांधींच्या अस्वादाची उंची मान्य करूनही इथे स्वयंपाकघराची बाजू घ्यावी लागते. व्रतस्थ माणूस बेचव साल आयुष्यभर खाईल. चार माणसांचं कुटुंब आठवडाभरही खाणार नाही. दोडक्याच्या शिरा पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्या चवीमुळे. सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलाकडे ‘अन्न टाकू नये’ ही शिकवण आली, ती उपदेशापेक्षा तिळाच्या खमंग वासावर जास्त आली. चवीने इथे अस्तेयाची सेवा केली आहे. मात्र तिला मर्यादा आहे. मूठभर सालींसाठी कढईभर तेल तापवायचं, तळून झालं की ते तेल मोरीत ओतायचं, याला काटकसर म्हणता येत नाही आणि व्रत तर नाहीच. सालीपेक्षा तिला कुरकुरीत करण्याचा खर्च मोठा झाला की हिशेब उलटतो. जुन्या घरांतली मंद आच आणि चमचाभर तेल यांना म्हणूनच अर्थ आहे.

परंपरेने हा विचार गांधींच्या फार आधी केला होता. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणाचा मुलगा भृगु तप करतो आणि त्याला ब्रह्माची पहिली ओळख पटते ती अन्नाच्या रूपाने. तो पुढे प्राण, मन, विज्ञान आणि आनंदापर्यंत पोचतो. पण उपनिषद अन्नाला मागे टाकून देत नाही. उलट शेवटी व्रतं सांगतं: अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. आनंदाचा शोध लागल्यानंतरही साधकाला पुन्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून उभं करणारा हा क्रम विलक्षण आहे.

मनुस्मृती वेगळ्या बाजूने येते. गृहस्थाच्या घरात हिंसेच्या पाच जागा तिने मोजल्या आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी जीव जातातच, म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले. त्यांतला भूतयज्ञ म्हणजे इतर प्राण्यांचा वाटा. मनुस्मृतीतलं बरंच काही आज त्याज्य आहे, पण जेवणात हिंसा असते ही तिची कबुली खरी आहे. कापलेल्या दोडक्याचा निम्मा भाग विनाकारण फेकला तर त्या हिंसेचं ओझं तेवढंच राहतं, उपयोग मात्र अर्धा होतो. पुण्यातल्या जैन घरांत जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणारी वडीलधारी माणसं आजही दिसतात. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि खरकट्यात सूक्ष्म जीव उपजून मरू नयेत, अशी दुहेरी दृष्टी त्यामागे आहे.

बौद्ध विनयपिटकातली एक गोष्टही इथे आठवते. उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरं दान दिली, तेव्हा राजाला शंका आली की एवढ्या वस्त्रांचं हे भिक्षू करणार काय. आनंदाने सांगितलं: जीर्ण चीवरं असलेल्या भिक्षूंना वाटू. मग त्या जुन्या चीवरांचं? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची बसकरं, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी. आणि तीही विरली की कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबींनी पाली शिकवली, देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या परिसराला ही गोष्ट परकी नाही.

इथवर सगळे धर्म एका सुरात बोलतात. अडचण पुढे आहे.

उरलेल्याचा गौरव कोण करतं आणि ते खातं कोण, हा खरा प्रश्न. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात यज्ञानंतर उरलेल्या हविर्भागाची थोरवी गाणारं एक पूर्ण सूक्त आहे. सगळं जग त्या शेषावर आधारलेलं आहे, असं ते मानतं. गीता यज्ञशेष खाणाऱ्याला पापमुक्त म्हणते, आणि सतराव्या अध्यायात तीच शिळं, उष्टं अन्न तामसी लोकांना आवडतं असंही सांगते. यजमानाने स्वतः खाल्लेला शेष प्रसाद होतो. तोच शेष गावकुसाबाहेर फेकला की खाणाऱ्याला हीन ठरवतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला मेलेल्या जनावराचं मांस आणि दुसऱ्यांचे शिळे-उष्टे तुकडे सोडायला सांगितलं, ते याचसाठी. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर जे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आहे. ज्यांच्या वाट्याला इतरांनी टाकलेलंच आलं, आणि त्यातूनही ज्यांनी कसबाने चव उभी केली, त्यांचं स्वयंपाकघर पूर्णब्रह्माच्या गोष्टीत कधी धरलं गेलं नाही. सालींचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचायला हवं.

घराच्या आतही हाच भेद होता. बंगालात बटाट्याच्या सालींची खसखस घालून केलेली भाजी आज कौतुकाने वाढतात. सालीदेठांच्या अशा पुष्कळ पदार्थांना तिथल्या विधवांच्या सक्तीच्या निरामिष स्वयंपाकाने आकार दिला. पुण्यातल्या सोवळ्या, केशवपन केलेल्या बायकांचं एकवेळचं जेवणही असंच निर्बंधांत बांधलेलं होतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो या बायकांसाठी. विधवा नसलेल्या घरच्या बाईचं तरी काय होतं? भाजीच्या फोडी पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात, कढईला लागलेली खरपुडी आणि शिरांची चटणी तिच्या भाकरीवर. तिच्या कल्पकतेचं कौतुक झालं, पण निवड तिला कुणी दिली नव्हती. जे निवडलेलं नसतं त्याला व्रत म्हणता येत नाही.

आता प्रश्न शहराच्या पातळीवर आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घरांतून. या मोजणीत साली-बियांसारखे न खाण्याचे भागही धरलेले आहेत. पण न खाण्याचा भाग कोणता, हे घराघरांत वेगळं ठरतं. दोडक्याच्या शिरा एका घरी कचरा आणि शेजारच्या घरी तोंडीलावणं. वाड्यात गोठा होता तेव्हा साली गाईपुढे जात. गोठे गेले, फ्लॅट आले, आणि साली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून शहराबाहेर जाऊ लागल्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याच्या कचऱ्याची दुर्गंधी आणि खराब झालेलं विहिरींचं पाणी वर्षानुवर्षं सोसलं. गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. पुणेकराने न खाल्लेली साल त्यांच्या वाट्याला गेली होती. गांधींचं अस्तेय इथे अगदी शब्दशः लागू पडतं: त्या गावांचं स्वच्छ पाणी आणि हवा कुणीतरी न विचारता घेतली.

याच शहरात उत्तरंही शोधली गेली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातून कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. तिच्या सभासद आज दारोदार ओला-सुका कचरा गोळा करतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने खरकटं आणि वाया गेलेल्या पिष्टमय अन्नावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र बनवलं. त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. गच्चीवर सालींचं खत करून भाजी पिकवणारी घरं तर पेठांपासून कोथरूडपर्यंत आहेत. हे सगळं आजचा भूतयज्ञ म्हणायला हरकत नाही.

प्रत्येक साल खायलाच हवी, असा हट्ट मात्र नको. हिरवट पडलेल्या किंवा कोंब आलेल्या बटाट्याच्या सालीत सोलानिन असतं आणि ते शिजवूनही जात नाही. दुधी किंवा दोडक्याचा तुकडा चाखून पाहावा; कडू लागला तर सालीसकट सगळी भाजी टाकावी, कारण तो कडूपणा विषारी असतो. मेण चोळून चकचकीत केलेल्या फळभाज्यांच्या साली खाऊ नयेत, आणि बाकीच्या वाहत्या पाण्यात चोळून धुवाव्यात. अन्न न टाकण्याच्या व्रतात शरीराला अपाय करून घेणं बसत नाही.

पुढच्या वेळी मंडईतून दोडका आणाल तेव्हा शिरांची चटणी करून पाहा. ती घरातल्या सगळ्यांच्या पानात, डाव्या बाजूला, चटणीच्या मानाच्या जागी वाढा. जिने किंवा ज्याने केली तिच्या-त्याच्या पानात आधी. आणि जे खरोखरच खाण्याजोगं नसेल, ते प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता ओल्या कचऱ्याच्या डब्यात वेगळं ठेवा, म्हणजे सकाळी दारी येणाऱ्या बाईंना ते हाताने निवडत बसावं लागणार नाही.