कोरें भेंडोळें

नट हा खोटें बोलून पोट भरणारा मनुष्य होय, हा आक्षेप रंगभूमीइतकाच जुना आहे. नट सहसा त्याची पर्वा करीत नाहींत. टाळ्या पडत आहेत तोंवर उत्तर देण्याची गरज कोणास भासते? परंतु हा आक्षेप ज्याच्या जिव्हारीं लागला आणि ज्याच्या ऐन उमेदीचीं पंधरा-वीस वर्षें त्याचें निरसन करण्यांत खर्चीं पडलीं, असा एक थोर नट जपानांत होऊन गेला. त्याचें नांव नववा इचिकावा दान्जूरो (१८३८–१९०३). त्यानें दिलेलें उत्तर बरोबर होतें कीं काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

'काबुकी' या जपानी नाट्यप्रकारांत 'दान्जूरो' हें एका माणसाचें नांव नसून एका घराण्याची गादी आहे. या गादीचा मूळ पुरुष (१६६०–१७०४) यानें एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, रांगड्या वीररसाची एक शैली रूढ केली. चेहऱ्यावर तांबडे-काळे पट्टे, अंगावर अवाढव्य वस्त्रें, आणि ऐन आणीबाणीच्या क्षणीं डोळे वटारून पुतळ्यासारखें निश्चल उभें राहणें, हीं तिचीं मुख्य अंगें. या शैलींत वास्तवाचा लवलेशही नव्हता आणि तो असावा असें एदोच्या व्यापाऱ्यांस व कारागिरांस कधीं वाटलेंही नाहीं. दान्जूरो हा त्यांचा देवच होता. मात्र कायद्याच्या दृष्टीनें हा देव चारही वर्णांच्या बाहेरचा होता. नटांस 'नदीपात्रांतले भिकारी' असें हिणवीत, कारण त्यांचे आद्य खेळ क्योतो येथें नदीच्या कोरड्या पात्रांत झाले होते. त्यांनीं कोठें राहावें, कोणतीं वस्त्रें वापरावीं, याविषयीं सरकारी हुकूम सुटत. लोकांनीं डोक्यावर घ्यावें आणि सरकारनें पायाखालीं तुडवावें, अशी ती विलक्षण अवस्था होती.

आमच्या चरित्रनायकाचा बाप सातवा दान्जूरो यानें १८४० सालीं 'कांजिंचो' हें नाटक प्रथम रंगभूमीवर आणलें. त्याचें कथानक थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. योशित्सुने नांवाचा शूर सेनापति आपल्या थोरल्या भावाच्या रोषास पात्र होऊन, मोजक्या सेवकांनिशीं, डोंगरी बैराग्यांच्या वेषांत उत्तरेकडे पळत आहे. आताका येथील नाक्यावर तोगाशी हा अधिकारी त्यांस अडवितो. योशित्सुनेचा स्वामिनिष्ठ सेवक बेंकेई सांगतो कीं, आम्ही एका जळालेल्या महामंदिराच्या जीर्णोद्धारासाठीं वर्गणी गोळा करीत हिंडत आहों. "मग वर्गणीपत्र वाचून दाखवा," असें तोगाशी म्हणतो. वर्गणीपत्र कोठें आहे? बेंकेई पोतडींतून एक कोरें भेंडोळें काढतो, तें स्वतःच्या तोंडासमोर उलगडतो आणि गंभीर धार्मिक भाषेंत धडाधड वाचूं लागतो. तोगाशी हळूच डोकावून पाहूं जातो. बेंकेई तितक्याच चपळाईनें कागद फिरवितो आणि क्षणभर दोघे एकमेकांकडे पाहत खिळून राहतात. पुढें हमालाच्या वेषांतील योशित्सुनेवर संशय येतो, तेव्हां त्यास वांचविण्यासाठीं बेंकेई आपल्या धन्यालाच काठीनें झोडपतो. सेवकानें धन्यावर हात उगारणें हें त्या समाजांतील घोर पाप होय. तें पाहून तोगाशी सर्व कांहीं ओळखतो आणि त्यांस जाऊं देतो. याची किंमत आपणांस प्राणांनीं मोजावी लागेल, हेंही तो जाणून असतो.

या नाटकानंतर दोनच वर्षांनीं, १८४२ सालीं, काटकसरीच्या सुधारणांचा बडगा उगारलेल्या सरकारनें सातव्या दान्जूरोस एदोंतून हद्दपार केलें. अपराध ऐषारामाचा; आणि त्यांत रंगभूमीवर खरें चिलखत वापरल्याचाही दोष होता. क्षमा होण्यास सात वर्षें लागलीं. थोरला मुलगा आठवा दान्जूरो हा अत्यंत लोकप्रिय नट. त्यानें १८५४ सालीं ओसाका येथें ऐन तारुण्यांत आत्महत्या केली. आमचा नायक जन्मतःच एका नाट्यगृहाच्या मालकास दत्तक गेला होता व कडक शिस्तींत वाढला होता. हा दत्तक पिता १८६८ सालीं दरोडेखोरांच्या हातून मारला गेला. त्याच वर्षीं जुनी राजवट कोसळून सम्राट मेइजीचा अंमल सुरू झाला, आणि १८७४ सालीं हा गादीवर बसून नववा दान्जूरो झाला. अशा घरांत जन्मलेल्या माणसास प्रतिष्ठेची तहान लागली, तर त्यांत नवल कसलें?

नव्या राजवटीस पाश्चात्त्यांपुढें मिरवितां येईल असें सभ्य नाट्य हवें होतें. १८७८ सालीं तोक्योंतील शिन्तोमी नाट्यगृहाच्या उद्घाटनास दान्जूरो व त्याचे सहकारी युरोपीय पद्धतीचे काळे कोट घालून उभे राहिले, आणि रंगभूमीचा ग्राम्यपणा धुऊन काढण्याची प्रतिज्ञा त्यानें तेथें वाचली. भाषण दुसऱ्यानें लिहून दिलेलें होतें. परंतु निष्ठा त्याची स्वतःची होती. त्यानें इतिहासपंडितांच्या सल्ल्यानें नाटकें बसविलीं. पोशाख त्या त्या काळाचा, शस्त्रें अस्सल, भाषण नेहमींच्या बोलण्यासारखें. रंगाचे पट्टे नाहींत, डोळे वटारणें नाहीं. बापानें ज्या खऱ्या चिलखतापायीं हद्दपारी भोगली, तें चिलखत मुलाच्या अंगावर आतां विद्वत्तेचें लक्षण ठरलें! कानागाकी रोबुन या विनोदी लेखकानें या नाटकांस 'जिवंत इतिहास' असें उपहासाचें नांव दिलें आणि तेंच पुढें रूढ झालें. प्रेक्षक मात्र कंटाळले. त्यांस इतिहासाचा धडा नको होता. दान्जूरो हवा होता.

येथें आमचा मुख्य प्रश्न उपस्थित होतो. चिलखत अस्सल असलें म्हणजे तें घालणारा योद्धा खरा होतो काय? बेंकेईच्या हातांतील कागदावर खरोखरच वर्गणीपत्र लिहिलेलें असतें, तर त्या प्रवेशांत काय उरलें असतें? एका बैराग्यानें एक अर्ज वाचला, इतकेंच. कागद कोरा आहे म्हणूनच वाचणाराची निष्ठा, बुद्धि आणि भीति हीं त्यावर उमटतात. आणि तोगाशी तरी फसतो कोठें? त्याला असत्य दिसतें व त्या असत्याच्या आड उभें असलेलें सत्यही दिसतें; दुसऱ्यासाठीं तो पहिल्यास वाट देतो. नाट्यगृहांत बसलेला प्रत्येक प्रेक्षक हा आमच्या मतें असा तोगाशीच आहे. कागद कोरा आहे हें त्याला पहिल्यापासून ठाऊक असतें. त्याला फसविलें जात नाहीं, म्हणून नटास खोटारडा म्हणण्याचा अधिकारही कोणास पोहोंचत नाहीं. दान्जूरो मात्र आक्षेपकांची बाजू मनोमन खरी धरून, त्या कोऱ्या कागदावर पुराव्यानिशीं अक्षरें भरीत बसला.

१८८७ च्या एप्रिलांत परराष्ट्रमंत्री इनोऊए काओरू यांच्या वाड्यांत सम्राटांसमोर काबुकीचा प्रयोग झाला. नदीपात्रांतल्या भिकाऱ्यांचा खेळ प्रत्यक्ष सम्राटांनीं पाहिला, ही घटना अपूर्व होती. त्या दिवशीं 'कांजिंचो' झालें आणि दान्जूरो बेंकेई झाला. बापाचें नाटक, बापाचीच भूमिका! त्या मानाबद्दल त्याला दूषण देणें आम्हांस साधत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान ज्यानें सोसला नाहीं, त्यानें अशा मानाची थट्टा करूं नये. तरीही एक गोष्ट नजरेआड करवत नाहीं. बापास हद्दपार करणारें सरकार रंगभूमीस भीत होतें. मुलास वाड्यांत बोलावणाऱ्या सरकारास तिची भीति उरली नव्हती. धुऊन काढलेल्या ग्राम्यपणाबरोबर दुसरेंही कांहीं वाहून गेलें नसेल काय?

पण त्याच्या खटपटीचें फळ शून्य आलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याचीं इतिहासनाटकें आज क्वचितच कोणी करतो. परंतु त्या रुक्ष वर्षांत बाह्य आविष्कार आवरून भावना आंतल्या आंत धरून ठेवण्याची जी विद्या त्यानें कमावली, ती उत्तरायुष्यांत जुन्या नाटकांकडे वळतांना त्यानें बरोबर नेली. जपानी लोक तिला 'पोटांतला अभिनय' असें म्हणतात. दुसऱ्याच्या मुलाऐवजीं स्वतःच्या मुलाचा बळी देऊन संन्यास घेणारा कुमागाई हा योद्धा, त्यानें घालून दिलेल्या रीतीप्रमाणें, पडदा पडल्यावर प्रेक्षकांमधून जाणाऱ्या वाटेवर एकटाच उरतो व एकटाच निघून जातो. ही रीत आजही पाळली जाते. तेथें अस्सल चिलखताची गरज पडत नाहीं.

त्याला मुलगा नव्हता. त्याच्या मागें ही गादी १९६२ पर्यंत रिकामी राहिली. मधल्या काळांत जांवयास, जो मूळचा बँकेंतला कारकून, १९५६ सालीं मरणोत्तर दहावा दान्जूरो हें नांव देण्यांत आलें. तेरावा दान्जूरो २०२२ सालीं गादीवर आला.

नवव्याचें हलतें चित्र मात्र शिल्लक आहे. चलच्चित्रांचा त्यास तिटकारा होता. पुढच्या पिढ्यांसाठीं ठेवा राहील, अशी समजूत घातल्यावर १८९९ च्या नोव्हेंबरांत तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. जागा उघड्यावर, वारा जोराचा. राजकन्येच्या रूपांतील राक्षसिणीचें नृत्य चाललें असतां त्याच्या हातांतला पंखा वाऱ्यानें उडाला. पुन्हां चित्र घेण्याची सोय नव्हती. ती फीत आज जपानची राष्ट्रीय ठेव म्हणून जपलेली आहे आणि तींत तो पंखा प्रत्येक वेळीं उडून जातो.