गुप्तधन आणि नामधन

सज्जनहो, भूमीच्या पोटातील धनाला शास्त्रात निधि म्हणतात, लोकांत गुप्तधन म्हणतात. या धनाची ओढ मनुष्यास फार जुनी. पूर्वी पायाळू माणूस शोधून आणीत, डोळ्यांत अंजन घालीत आणि 'दिसते का रे काही?' म्हणून विचारीत. त्या नादात कोंबडी-बकरी तर सोडाच, माणसांचेही बळी गेले. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 साली कायदा झाला, हे फार बरे झाले. आता पायाळूच्या जागी यंत्र आले आहे.

विरारास कीर्तन आटोपल्यावर एका तरुण शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, आमची वाडी वाडवडिलांची आहे. खणताना एक जुने नाणे निघाले. धातू शोधायचे मशीन आणून सगळी जमीन तपासावी म्हणतो. पाप तर नाही ना?" प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच दिले पाहिजे.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. काठीच्या टोकाला थाळीएवढे तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज खेळवली की भोवती चुंबकाची शक्ती उत्पन्न होते. ती जमिनीत धातूला लागली म्हणजे त्या धातूतही वीज खेळू लागते. तिची चाहूल वेटोळ्यास लागते आणि कानात आवाज होतो. काही यंत्रे धातूची जातही थोडीफार ओळखतात. पण वस्तू कोणाची, कशासाठी ठेवलेली, हे त्यांस कळत नाही. आणि जे धातूचे नाही त्यावरून तर ती मुकीच जातात.

अहो, विरारच्या शेजारीच सोपारे आहे. महाभारतात शूर्पारक म्हणून ज्याचा उल्लेख येतो तेच हे. तेथे बुरुड राजाचे कोट म्हणून एक टेकाड होते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणून पाहिले, तो आत बौद्धांचा स्तूप. मध्यभागी दगडी करंडा. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात पुन्हा दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. भोवती बुद्धाच्या आठ मूर्ती आणि सोन्याची फुले. आता त्या सोन्याच्या करंड्यात काय असावे? हिरे? माणके? नाही हो! मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या, असे पंडितजींनी मानले. ज्यांनी हा ठेवा ठेवला त्यांनी सोने वेष्टनाला वापरले आणि गाभ्यात भिक्षेची माती ठेवली! यंत्र त्या सोन्यासाठी ओरडले असते, खापरीसाठी नाही.

त्याच ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे होते. ते जागेवर सापडले म्हणून स्तूपाचा काळ ठरविताना साक्षीला उभे राहिले. तेच कोणी रात्री उचलून सोनाराच्या मुशीत घातले असते, तर चार पैशांची चांदी उरली असती आणि साक्षीदार कायमचा गेला असता. त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषय काय? राजाने शिकारीच्या सहली सोडल्या आणि धर्मयात्रा धरली, हा. वारकऱ्यांनो, बावीसशे वर्षांपूर्वीच्या यात्रेची ही वार्ता दगडावर होती. यंत्राला तिचा पत्ताही लागला नसता.

आता पापपुण्याचा विचार. याज्ञवल्क्य स्मृतीची आज्ञा अशी की, निधि सापडला तर राजास कळवावे. लपविला आणि उघडकीस आला तर निधि काढून घ्यावा, वर दंडही करावा. 1878 चा निखात निधीचा कायदाही हेच सांगतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरास लेखी कळवावे लागते. लपविणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. सरकारने ठेवून घेतले तर मोल देऊन वर पाचवा हिस्सा अधिक देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे प्रामाणिक माणूस नागवला जात नाही. सोपाऱ्याच्या स्तूपासारख्या संरक्षित जागी तर परवान्यावाचून कुदळ लावणे हाच गुन्हा आहे.

पण वारकऱ्याने केवळ दंडाच्या भयाने थांबू नये. चोखोबांची कथा आठवा. शके 1260 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता कूस कोसळले. चोखोबा आणि कितीतरी मजूर खाली गाडले गेले. नामदेवराय अस्थी शोधायला आले. ढिगाऱ्यात सगळ्यांचीच हाडे; ओळखावे कसे? नामदेवरायांनी एकेक अस्थी कानाला लावली. जिच्यातून विठ्ठल विठ्ठल असा ध्वनी आला, ती चोखोबांची! त्या अस्थी त्यांनी पंढरीस आणून महाद्वारापुढे समाधी दिली. सज्जनहो, भूमीत शोध घ्यावा तो असा. कान तोच, माती तीच. पण ऐकायचे काय, हे नामदेवरायांस ठाऊक होते. आयुष्यभर उपेक्षा सोसलेल्या एका मजुराची हाडे हा तेथला निधि होता.

म्हणून बाबांनो, आपल्या वाडीत भात लावा, केळी लावा, विहीर खणा, घराचा पाया घ्या. खणताना नाणे, मूर्ती, अक्षरांचा दगड निघाला तर हात आवरा, वस्तू होती तेथे राहू द्या आणि तहसील कचेरीत वर्दी द्या. लोभाने शेत पोखरू नका. पूर्वजांनी जमीन दिली ती पिकविण्यासाठी आणि त्यांची आठवण सांभाळण्यासाठी. ती आठवण विकली, तर पोरांना सांगायला काय उरेल?

आणि जे धन कितीही लुटले तरी सरत नाही, ज्याला कलेक्टरचा परवाना लागत नाही, ते नामधन आपल्या जिभेवरच आहे. ते मात्र खुशाल रात्रंदिवस खणा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!