न पाहिलेल्याची साक्ष

खरे सांगूनही खोटी साक्ष देता येते काय? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल. पण ज्यांचे आयुष्य नोंदी करण्यात आणि दुसऱ्यांच्या नोंदींखाली सही करण्यात जाते, त्यांना तो रोजचा आहे. माणसांची उदाहरणे घेतली की हेतू, भीती, भिडस्तपणा असे पुष्कळ मधे येते. म्हणून एका जुन्या यंत्राचे उदाहरण घेतो. त्यातील भाग तरी निर्विकार असतात.

१९८७ साली आयबीएमने आपल्या नव्या संगणकांसाठी कार्डे बसविण्याची अशी पद्धत आणली की जुनी कार्डे तीत बसेनात. तिला उत्तर म्हणून सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी ईआयएसए ही रचना जाहीर केली, आणि पुढील काही वर्षे पुष्कळ सर्व्हर तिच्यावर उभे राहिले. हिची खाच दुमजली असे. जुने आयएसए कार्ड वरच्या थराशीच अडे. नवे कार्ड खालपर्यंत जाई. जुन्यांना घराबाहेर न काढता नव्यांना जागा देण्याची ही युक्ती मला फार सभ्य वाटते.

तथापि खाच मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक तार लागते. अशा तारा १६. त्यांपैकी एक दोन नियंत्रक जोडण्यातच खर्ची पडते. उरलेल्या १५ मधून घड्याळ, कळफलक, डिस्क इत्यादी घरचीच मंडळी आपापला वाटा उचलतात, आणि पाहुण्यांसाठी थोड्याच शिल्लक राहतात. (या तारांची ज्येष्ठतासूचीही आहे, आणि तीत १५ क्रमांकाची तार ३ क्रमांकाच्या तारेहून ज्येष्ठ ठरते. कारण शुद्ध तांत्रिक आहे. पण कोणत्याही आस्थापना शाखेतील माणसाला त्यात नवल वाटणार नाही.)

तारांचे वाटप करण्यासाठी फ्लॉपीवरून चालणारा एक कार्यक्रम असे. नवे कार्ड विचारताच आपली ओळख सांगे: निर्मात्याची तीन अक्षरे आणि वस्तूचा क्रमांक. त्या नावाची फाईल उघडून कार्यक्रम त्याच्या गरजा वाची, मोकळी तार नेमून देई, आणि सारा ठराव विजेरीवर जगणाऱ्या स्मृतीत लिहून ठेवी. जुने कार्ड मात्र मुके. ते खाचेत आहे की नाही, हेही यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. हजेरीपटावर नाव आणि खुर्ची रिकामी, असेही होऊ शके. त्याची तार ठरते ती त्याच्या अंगावरच्या जंपरने, म्हणजे दोन टाचण्या जोडणाऱ्या नखाएवढ्या टोपीने. कार्यक्रम एवढेच करी, की पडद्यावर त्या टोपीचे चित्र काढून ती अमुक जागी असावी असे सांगे. बसविणारा होकाराची कळ दाबी. यंत्र त्याचा शब्द प्रमाण मानी.

आता कल्पना करा. मुक्या कार्डाची टोपी १० वर आहे, आणि नोंदीत ५ लिहिले गेले. कार्ड चालविणाऱ्या प्रणालीला वेगळीकडे १० हा आकडा बरोबर दिलेला आहे, त्यामुळे काम सुरळीत चालते. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. चुकीची नोंद कोणाचेच वाकडे करीत नाही. मग एक नवे, बोलते कार्ड येते. कार्यक्रम नोंद पाहतो, १० मोकळी दिसते, ती त्याला देतो. एका तारेवर दोघांचे हात पडतात. कधी एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडते, कधी सारे यंत्रच गोठते. दुरुस्तीला आलेला माणूस साहजिकच नव्या कार्डाला काढून पाहतो, आणि ते काढताच यंत्र चालू लागते! दोष कोणाचा हे त्याच्या मते सिद्ध झाले. ज्याने आपले नाव खरे सांगितले आणि दिलेली तार मुकाट्याने घेतली, तेच नालायक ठरून परत जाते.

एका कार्यालयात हेच मी माणसांच्या बाबतीत पाहिले आहे. एका दिवंगत शिपायाच्या सेवापुस्तकात वारस म्हणून जे नाव होते, त्या नावाची व्यक्ती घरात नव्हती. नोंद नीट साक्षांकित होती. खरी पत्नी पुढे आली तेव्हा पुराव्याचे ओझे तिच्यावर पडले. नोंदीला कोणी काही विचारले नाही.

कळ दाबणारा खोटे बोलला काय? नाही, असे बहुतेक जण म्हणतील. त्याने फक्त पाहिले नाही. मग प्रश्न उलटा करून पाहावा. समजा टोपी कारखान्यातूनच ५ वर आली होती, आणि न पाहता केलेली नोंद खरी निघाली. तर तो निर्दोष काय? माझे उत्तर नाही असे आहे. त्याच्या होकाराचा अर्थ ‘टोपी ५ वर आहे’ एवढाच नव्हता; ‘ती ५ वर आहे हे मी पाहिले’ असा होता, आणि यंत्र विसंबले ते या दुसऱ्या अर्थावर. न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताच्या; आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. नुसती इच्छा पुरत नाही. ‘प्रमाणित करण्यात येते’ हा आपला लाडका कर्मणी प्रयोग (हिंदीतही तो तितकाच लाडका आहे) नेमका त्या पाहणाऱ्यालाच वाक्यातून नाहीसा करतो.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. प्रत्येक वेळी झाकण उघडायचे तर सर्व्हर बंद करावा लागतो, सगळे कार्यालय खोळंबते. पुस्तिकेत छापलेली टोपीची जागा सहसा बरोबरच असते. दिवसाला चाळीस कागदांवर सही करणाऱ्याने प्रत्येकाच्या मुळाशी जावे, असे मीही म्हणणार नाही. ते मला जमत नाही. पण न पाहणे आणि पाहिले म्हणणे या दोन गोष्टी आहेत. खरी अडचण अशी, की त्या पडद्यावर ‘पुस्तिकेवरून लिहिले, प्रत्यक्ष पाहिले नाही’ असे म्हणण्याची सोयच नव्हती. आपल्या बहुतेक नमुन्यांतही नसते. ज्या नमुन्यात अज्ञानाला रकाना नाही, तो प्रामाणिक माणसालाही खोट्या साक्षीकडे ढकलतो, आणि त्याचा काही दोष नमुना करणाऱ्याकडे जातो.

१९९२ नंतर पीसीआय आले, कार्डे आपल्या गरजा स्वतः सांगू लागली, आणि ही साक्ष देण्याचे काम हळूहळू संपले. माणसांच्या नोंदींत ते संपलेले नाही.

निर्लेखनासाठी काढलेल्या अशा एका सर्व्हरचे झाकण मी उघडे पाहिले आहे. आतल्या बाजूस कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली होती. पाच खाचांपुढे पाच आकडे होते. चौघांपुढे ‘पाहिले’ असे लिहून तारीख घातलेली होती, आणि पाचव्यापुढे त्याच अक्षरात ‘पाहिले नाही’.